शेजारच्या बाकावरची बेन

आपल्या बडोद्यात मुलाला ‘तोफानी’ म्हटलं की विषय संपतो. शब्द गुजराती, पण आपल्या मराठी घरांतही तो सर्रास चालतो. वर्गातून पळणारा तोफानी, चावणारा तोफानी आणि कानांवर हात दाबून बाकाखाली जाऊन बसणाराही तोफानीच. गेली सहा वर्षं मी शहरातल्या एका शाळेत अशा मुलांच्या शेजारी बसते. शिक्षिका फळ्यापाशी, मी मुलापाशी. शाळेत मला ‘मदतनीस बेन’ म्हणतात, पालक ‘शॅडो टीचर’ म्हणतात. ओळखीच्या बायका विचारतात, “म्हणजे तुम्ही त्याला धरून ठेवता का?”

धरून ठेवायची वेळ क्वचित येते. खरं काम एका वहीत असतं. तिच्यात तीन रकाने : आधी काय झालं, मूल काय वागलं, नंतर काय झालं. मधल्या रकान्यात सगळ्यांनाच रस असतो. पहिला रकाना भरायला मात्र कोणीतरी सतत जवळ बसलेलं लागतं.

दुसरीतला एक मुलगा हाताला येईल ते फेकायचा. डबा, कंपास, एकदा बूट. तीन आठवड्यांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा कळलं, की हे बहुतेक वेळा तास बदलताना होतं. एक बेन जाते, दुसरी येते, चाळीस मुलं एकदम बोलू लागतात आणि भाषाही बदलते. त्याच्या घरी मराठी, गल्लीत गुजराती, वर्गात इंग्रजी. आपल्याला त्याची सवय झालेली असते, त्याला नव्हती. तिसरा रकाना तर आणखी बोलका होता. फेकलं की त्याला वर्गाबाहेर उभं करत. बाहेर शांतता! म्हणजे शिक्षा समजून त्याला हवं तेच आपण देत होतो. मग घंटेच्या पाच मिनिटं आधी पुढच्या तासाचं चित्र त्याच्या बाकावर ठेवायला लागले. घंटा झाली की वह्यांचा गठ्ठा त्याच्या हातात द्यायचा आणि आम्ही दोघं तो स्टाफरूममध्ये पोचवायचा. फेकणं संपलं नाही, पण रोजचं होतं ते आठवड्यातून एकदोनदावर आलं. नवरात्रात मात्र वही पुन्हा भरते. रात्री बारापर्यंत गरब्याचे लाउडस्पीकर, सकाळी शाळा. मोठ्यांचीही चिडचिड होते, तिथे त्याचं काय!

मुलाला न मारता त्याच्या वागण्याचं कारण शोधायचं, हे गुजरातला नवं नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं ते याच विचारानं. आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करून पुढे बोर्डी आणि कोसबाडला गेल्या.

कायदाही मुलाच्या बाजूचा आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं मारहाण आणि मानसिक छळ बंद केला, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्यताप्राप्त शाळांनी गरजेप्रमाणे एकेका मुलाला आधार द्यावा, असं म्हटलं आहे. स्पेशल एज्युकेटरचं प्रमाणही ठरलं आहे : प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक. पण दिवसभर शेजारी बसणाऱ्या बाईचं काय? तिचं प्रशिक्षण किती, पगार कोणाचा, ती आजारी पडली तर मुलाजवळ कोण, हे या प्रमाणात कुठेच येत नाही. शिवाय त्या कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अतिचंचलता वेगळी नाही. त्यामुळे नुसत्या अतिचंचल मुलाच्या आईबापांच्या हाती दाखवायला कागदच नसतो.

माझा पगार पालक देतात. म्हणजे ज्याला परवडतं त्याच्याच मुलाला शेजार मिळतो. ज्याला परवडत नाही त्याच्या आईला अकरा वाजता फोन येतो, “आज याला घेऊन जा.” नाव काढलेलं नसतं, पण मूल घरीच असतं. मला हे सरळसरळ अन्यायाचं वाटतं. अशा पालकांनी प्रत्येक वेळी तारीख-वेळ लिहून ठेवावी आणि मुलाला आधार काय देणार, ते शाळेला लेखी विचारावं. तोंडी बोलणं हवेत जातं.

आता थोडं घरचं. आपल्या मंडळीतही अशी दोन मुलं आहेत. ढोलक-पेटी सुरू झाली की त्यातला एक कान झाकतो, आणि त्याची आई त्याला घेऊन पायरीवर जाऊन बसते. कित्येक महिन्यांत तिनं पूर्ण उपदेश ऐकलेला नाही. त्या मुलाला गीतांची पुस्तकं वाटायला फार आवडतं, हे मी पाहिलंय. ते काम त्यालाच द्यावं, असं पाळकसाहेबांना सांगितलं आहे. येत्या रविवारी संगीत सुरू झालं की पायरीवर त्याच्याशेजारी मी बसेन. अर्ध्या तासानं मला बदली द्यायला कोणीतरी या. चित्रांचं पुस्तक मी आणते.