रेशनकार्ड हाच आपला विमा

आजार अंगावर काढण्याची सवय आपल्या वस्त्यांना गरिबीने लावली. "विमा नाही, मोठ्या दवाखान्यात कसं जावं?" हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या गावोगावी आम्ही ऐकतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्यविम्याचा पाया घातला गेला आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. पण कापूस वेचणारी बाई, शेतमजूर, धुणीभांडी करणारी माय आजही त्यात बसत नाही.

त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पिवळे, केशरी, पांढरे, कोणतेही रेशनकार्ड चालते. ठरवून दिलेल्या आजारांवर योजनेतील रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात.

मग अडते कुठे? पहिली अडचण कागदांची. सुनेचे नाव माहेरच्याच कार्डावर असते, आधारवर नाव वेगळेच असते. दुरुस्ती आजार येण्याआधी करा. दुसरी अडचण वेळेची. आधी पैसे भरतो, मग योजना आठवते. भरती होतानाच आरोग्यमित्राला गाठा. तातडीच्या वेळी दूरध्वनीवरूनही मंजुरी घेता येते. तिसरी अडचण म्हणजे योजना मुख्यतः भरतीपुरती आहे. बीपी-शुगरची रोजची गोळी, बाहेरची तपासणी, बुडालेली मजुरी यात येत नाही. धारणीच्या माणसाला अमरावती गाठायची तर दिवस जातोच.

म्हणून रोजच्या औषधासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र सोडू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. अकोल्याचे सर्वोपचार मात्र वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे, तिथला नियम वेगळा. तिथे शुल्काची चौकशी आधी करा.

मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवून त्या मागा. नाकारले तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा.

ही भीक नाही, हक्क आहे. रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास काढून एकमेकांची रेशनकार्डे, आधारकार्डे तपासू या. लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणांनी अर्ज भरून द्यावेत. योजनेचा मोफत क्रमांक १५५३८८ विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

जय भीम!