खेळाडूंच्या चित्रांचे संच

बारा ज्योतिर्लिंगांची यात्रा करणाऱ्या माणसाला अकरा स्थानें झाल्यावर स्वस्थ बसवत नाहीं. सोमनाथ झाला, केदारनाथ झाला, रामेश्वर झाला. परंतु वेरूळचा घृष्णेश्वर राहिला असेल तर यात्रा पुरी झाली असें तो म्हणत नाहीं. परंपरेच्या गणनेंत घृष्णेश्वर हें बारावें स्थान. त्याच्या दर्शनाचें पुण्य निराळें आणि बाराचा आंकडा पुरा झाल्याचें समाधान निराळें. हें दुसरें समाधान धार्मिक नसेल, पण तें खोटें नव्हे. ठराविक संख्येचा एखादा संच मनांत एकदां मांडला गेला, कीं त्यांतील रिकामी जागा माणसाला सलूं लागते.

देवळापासून थोड्याच अंतरावर लेणीं आहेत. तेथेंही तोच प्रकार. चौतीस लेण्यांना दक्षिणेकडून उत्तरेकडे ओळीनें क्रमांक दिलेले आहेत. १ ते १२ बौद्धांचीं, १३ ते २९ हिंदूंचीं, ३० ते ३४ जैनांचीं. क्रमांक आले कीं मोजणें आलें, आणि मोजणें आलें कीं किती पाहिलीं व किती राहिलीं हा प्रश्न आला. बहुतेक प्रवासी सोळावें, म्हणजे कैलास, पाहतात, चित्रांच्या कार्डांचा एखादा जुडगा विकत घेतात आणि परत फिरतात. बाकीचीं लेणीं कोणी पाहावयाचीं, हा प्रश्न पुढें आपल्याला पुन्हां लागणार आहे.

आवडत्या खेळाडूंचीं आणि संघांचीं छापील कार्डें जमविण्याचा छंद ह्याच वृत्तीवर उभा आहे. त्याची खरी जन्मभूमि अमेरिका, आणि तेथें तो वाढला बेसबॉलच्या आश्रयानें. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. बॅट, चेंडू आणि धांवा तेथेंही आहेत, यष्ट्या मात्र नाहींत. ह्या कार्डांचा उगम खेळांत नसून तंबाखूच्या धंद्यांत आहे. सिगारेटचें कागदी पाकीट खिशांत चेंगरूं नये म्हणून त्यांत जाड कागदाची एक पट्टी घालीत. ती कोरी ठेवण्यापेक्षां तिच्यावर चित्र छापलें तर गिऱ्हाईक पुन्हां आपलेंच पाकीट घेईल, हें कारखानदारांच्या ध्यानांत आलें. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीनें १८८६ पासून ‘ओल्ड जज्ज’ सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंचीं छायाचित्रें घातलीं. बापानें सिगारेट ओढावी आणि मुलानें चित्र मागावें, अशी ही योजना होती. ती फारशी शोभादायक नव्हती, पण विलक्षण यशस्वी झाली.

१९०९ ते १९११ ह्या काळांत अमेरिकन टोबॅको कंपनीनें सव्वापांचशेंच्या आसपास कार्डांचा एक मोठा संच काढला. त्यांत पिट्सबर्गचा होनस वॅग्नर हा नामांकित खेळाडू होता. परंतु त्याच्या कार्डाची छपाई लौकरच थांबली. मुलांनीं आपल्या चित्रासाठीं तंबाखू विकत घ्यावी हें त्याला रुचलें नाहीं, असें कोणी सांगतात; त्याला मोबदला हवा होता, असें दुसरे म्हणतात. कारण कोणतेंही असो, आज त्या कार्डाच्या साठाच्या आसपास प्रती माहीत आहेत, आणि त्यांतील एक ऑगस्ट २०२२ मध्यें बहात्तर लाख पन्नास हजार डॉलरांना विकली गेली. पाकिटाची पट्टी म्हणून जन्मास आलेला हा कागद बोटभर लांबीचाही धड नाहीं.

पुढें तंबाखूची जागा चघळण्याच्या गोंदानें घेतली, आणि मुलाला बापाच्या पाकिटाची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. १९३३ मध्यें गाउडी कंपनीनें आणि १९५० नंतर टॉप्स कंपनीनें हा धंदा घरोघर पोंचविला. टॉप्सचा १९५२ चा संच ४०७ कार्डांचा होता. तो टप्प्याटप्प्यानें छापीत गेले. शेवटचा टप्पा दुकानांत आला तेव्हां खेळाचा हंगाम सरत आला होता, म्हणून तीं कार्डें पडून राहिलीं. कंपनीच्या साय बर्गर ह्या अधिकाऱ्यानें पुढें सांगितलें, कीं १९६० मध्यें आपण तीं तराफ्यावर भरून अटलांटिक महासागरांत बुडविलीं. त्याच शेवटच्या टप्प्यांत मिकी मँटल ह्या तरुण खेळाडूचें ३११ क्रमांकाचें कार्ड होतें. त्याची एक उत्तम प्रत ऑगस्ट २०२२ मध्यें एक कोटी सव्वीस लाख डॉलरांना गेली.

ह्या किंमती ऐकून कोणाचे डोळे दिपले, तर त्यानें त्यांचें कारणही ऐकावें. जुनीं कार्डें महाग झालीं, कारण तीं कोणी जपलींच नाहींत. मुलें तीं जमिनीवर आपटून खेळलीं, रबराच्या पट्टीनें बांधून त्यांचे कोपरे मोडलीं, आणि मुलें मोठीं होऊन घराबाहेर पडल्यावर आयांनीं साफसफाईंत उरलेलीं फेंकून दिलीं. (आपल्याकडे हेंच काम रद्दीवाला करतो.) ही गोष्ट लोकांना उमगल्यावर १९८० च्या सुमारापासून सगळेच जपूं लागले. कारखान्यांनींही बेसुमार छपाई केली, आणि त्या काळचीं बहुतेक कार्डें आज कवडीमोल आहेत. तेव्हां छापणाऱ्यांनीं दुसरी युक्ति काढली: कांहीं कार्डें मुद्दाम थोडींच छापावयाचीं, त्यांवर क्रमांक घालावयाचे, खेळाडूची सही किंवा त्याच्या सदऱ्याचा तुकडा जोडावयाचा, आणि तीं हजारों साध्या पाकिटांत मिसळून द्यावयाचीं. येथें छंदाची हद्द संपते आणि सोंगट्या पडूं लागतात. वेरूळच्या २१ व्या लेण्यांत, रामेश्वरांत, शंकर आणि पार्वती सारीपाट मांडून बसलीं आहेत. खेळांतील हारजीत आपल्या शिल्पकारांनीं देवांनाही चुकूं दिली नाहीं. मुलांच्या हातीं बंद पाकीट देणाऱ्या आईबापांनीं त्या पाकिटांत चित्राबरोबर फांसाही आहे हें ओळखून असावें.

पैशाशीं कांहीं संबंध न ठेवतां हा छंद कसा करावा, ह्याचें उदाहरणही अमेरिकेंतच सांपडतें. जेफरसन बर्डिक हा सिराक्यूज शहरांतील एका विजेच्या सामानाच्या कारखान्यांत काम करणारा, संधिवातानें जखडलेला, एकटा माणूस. त्याला बेसबॉलची म्हणण्यासारखी गोडी नव्हती. गोडी होती छापील कागदाची. त्यानें जमविलेले तीन लाखांहून अधिक कागद त्यानें न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन कलासंग्रहालयाला दिले. त्यांत बेसबॉलचीं कार्डेंच तीस हजारांवर आहेत. दुखऱ्या बोटांनीं तो वर्षानुवर्षें संग्रहालयांत बसून तीं वह्यांत लावीत असे. जानेवारी १९६३ मध्यें काम पुरें झालें, आणि दोन महिन्यांनीं तो वारला. कार्डांच्या संचांना त्यानें दिलेल्या खुणाच आजही संग्राहक वापरतात.

इंग्लंडांत हाच प्रकार क्रिकेटच्या बाबतींत घडला. विल्स कंपनीनें १८९६ मध्यें पन्नास क्रिकेटपटूंचा संच काढला, आणि पुढें प्लेअर कंपनीचे संच घराघरांत गेले. दुसऱ्या महायुद्धांत कागदाची टंचाई पडली तेव्हां १९४० मध्यें ही प्रथा थांबली. रणजितसिंहजी आणि त्यांचे पुतणे दुलीपसिंहजी हे इंग्लंडकडून खेळले, म्हणून त्यांचीं चित्रें ह्या विलायती कार्डांवर आलीं. ज्यांनीं आपलें सारें क्रिकेट मुंबई-पुण्याच्या मैदानांवर खेळून दाखविलें, त्यांच्यासाठीं असा छापखाना उभा नव्हता.

संच आणि पत्ते आपल्याला नवे होते असें मात्र नव्हे. सावंतवाडीची दशावतारी गंजीफा पाहावी: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचीं बारा पानें, मिळून एकशें वीस, लाखेच्या लेपाचीं, हातानें रंगविलेलीं, वाटोळीं. खेळाडूंच्या बाबतींत मात्र आपल्या घरांनीं स्वस्त मार्ग धरला. वर्तमानपत्रांतलें चित्र कातरावयाचें, खळ लावून जुन्या वहींत चिकटवावयाचें, आणि शेजारच्या मुलाकडे दोन असतील तर आपल्या दुबार चित्राशीं अदलाबदल करावयाची. मुंबईचे चौरंगी आणि पंचरंगी सामने, १ डिसेंबर १९२६ रोजीं जिमखान्यावर सी. के. नायडूंनीं एम. सी. सी. विरुद्ध अकरा षटकारांसह काढलेल्या १५३ धांवा, १९३३ मध्यें त्याच मैदानावरील पहिल्या कसोटींत लाला अमरनाथांचें शतक, असे विषय त्या वह्यांना कधीं कमी पडले नाहींत. खऱ्या अर्थानें छापील चित्रें मुलांच्या हातीं आलीं तीं पुष्कळ पुढें, १९९० च्या सुमारास. ‘बिग फन’ नांवाच्या गोंदाच्या वेष्टनांत क्रिकेटपटूचें चित्र येई आणि त्यावर कांहीं धांवा किंवा बळी छापलेले असत. ठराविक धांवा व बळी जमले, कीं बक्षीस मिळे. त्या पिढीची बेरीज गोंदानें पक्की केली असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां त्या कैलासाच्या प्रवाशाकडे वळूं. छापील संच कोणाला घेतो आणि कोणाला वगळतो? कंपनीला खपणारें नांव हवें असतें; आणि क्रिकेटमध्यें खपणारें नांव म्हणजे बहुधा कसोटी खेळलेलें नांव. ह्या चाळणींतून आपल्या मातींतले दोन फार मोठे खेळाडू खालीं पडतात.

पहिले पालवणकर बाळू. जन्म १८७६, धारवाड. पुण्याच्या युरोपियन क्लबांत खेळपट्टीची निगा राखतां राखतां साहेबलोकांना सरावासाठीं चेंडू टाकावयाचे, आणि तेथेंच डावखुऱ्या संथ गोलंदाजीची विद्या त्यांनीं कमावली. हिंदूंच्या संघांत त्यांना घेतलें तें त्यांच्यावांचून जिंकतां येईना म्हणून. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू चाले, पण ते चर्मकार असल्यामुळें विश्रांतीच्या वेळीं त्यांना चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदूंच्या संघाचें नायकत्व त्यांना कधीं मिळालें नाहीं. तें मिळालें १९२३ मध्यें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ चा. तोंवर बाळूंची कारकीर्द केव्हांच संपली होती.

दुसरे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळतांना त्यांनीं नाबाद ४४३ धांवा काढल्या, के. व्ही. भांडारकरांबरोबर त्यांची ४५५ धांवांची भागीदारी झाली. ब्रॅडमनच्या ४५२ ह्या तेव्हांच्या जागतिक विक्रमाला गांठावयास नऊ धांवा उरल्या असतां काठेवाडच्या नायकानें पुढें खेळण्याचें नाकारलें आणि सामना सोडून दिला. एवढी खेळी करणारा हा माणूस अधिकृत कसोटी सामना एकही खेळला नाहीं.

कसोटीपटूंचा संच कितीही सुबक छापा, ह्या दोघांना त्यांत जागा नाहीं. पाकिटांतून जें येईल तेवढेंच जमविणारा मुलगा ह्या दोन नांवांवांचून मोठा होतो. त्याला वाटतें, संच पुरा झाला. म्हणून माझें मत असें, कीं घरांत हा छंद असेल तर विकतच्या कार्डांबरोबर हातानें केलेलीं कार्डेंही असावींत. पत्त्याच्या पानाएवढा जाड कागद घ्यावा. पुढें वर्तमानपत्रांतील किंवा मासिकांतील चित्र. चित्र मिळालें नाहीं तर नुसतें नांव. कार्डाची पुढली बाजू पाहण्याची असते, पण ज्ञान सगळें मागल्या बाजूस असतें, आणि ती मुलानें स्वतः शोधून लिहावी: जन्माचें गांव व वर्ष, कोणत्या संघाकडून खेळला, कोठें, कोणाविरुद्ध, काय केलें. निंबाळकरांच्या कार्डावर ‘कसोटी सामने: शून्य’ हेंही लिहावें. तो शून्य वाचून मुलगा कारण विचारील, आणि मग सांगण्यासारखें पुष्कळ आहे.

कोणाच्या माळ्यावर आजोबांची कात्रणांची वही असेल, तर ती रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावी. बाळू-विठ्ठलांच्या काळचीं, पंचरंगी सामन्यांचीं चित्रें आतां बहुधा अशाच वह्यांतून उरलीं आहेत. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यांतील आम्लानें तो पिवळा पडतो आणि शेवटीं हातांत चुरा होतो. खळीच्या वासानें कसर येते. तेव्हां चिकटलेलें चित्र ओढून काढण्याच्या भरीस पडूं नये. प्रत्येक पानाची स्वच्छ उजेडांत एक छायाप्रत घ्यावी आणि वही कोरड्या पेटींत, आडवी, कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासह ठेवावी. नवीन कार्डांना खळही नको आणि चिकटपट्टीही नको. जाड कागदाला चार तिरक्या चिरा पाडून त्यांत कोपरे अडकविले म्हणजे पुरे. कातरतांना बहुतेकांची एक चूक होते: वर्तमानपत्राचें नांव आणि तारीख कात्रीखालीं जाते. ती आधीं मागें शिसपेन्सिलीनें लिहून घ्यावी. शाई फुटते, शिसें फुटत नाहीं.