उथळ खाडीतील मासेमारी : तिथीचा हिशेब आणि पाय ठेवण्याची रीत

आपल्या नया बाजारातील पुष्कळ कुटुंबांचे आप्त कोकणात आहेत. ज्यांचे नाहीत, तेही आता सुटीत मुलांना समुद्र दाखवायला नेतात. तेथे गेल्यावर मुलांना गळ हवा असतो आणि वडीलधाऱ्यांनाही गुडघाभर पाण्यात उतरण्याचा मोह होतो. पाणी उथळ, तळ सपाट, किनारा हाकेच्या अंतरावर. मग भीती कसली, असे वाटते. नेमक्या याच ठिकाणी आपण ग्वाल्हेरची माणसे फसतो. तिघऱ्याचे पाणी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. खाडीचे पाणी मात्र सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोनदा चढते व दोनदा उतरते. मासा त्या पाण्याबरोबर येतो आणि त्याच्याबरोबरच जातो. सबब खाडीत उतरणाऱ्याने गळाच्या आधी पाणी ओळखावयास शिकले पाहिजे.

भरती-ओहोटीचे कारण आम्ही शाळेत फळ्यावर चित्र काढून सांगतो. चंद्राचे आकर्षण मुख्य. सूर्याचा प्रभाव त्याच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्येला व पौर्णिमेला दोघांचा जोर एका रेषेत येतो, तेव्हा उधाणाची भरती येते. पाणी फार चढते व फार उतरते. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती येते आणि पाण्याची हालचाल मंद असते. नवशिक्याने भांगाचे दिवस निवडावेत.

वेळ काढण्याचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. तेथून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. आपल्याकडे उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि दक्षिणेत अमावास्येला, त्यामुळे कृष्ण पक्षात महिन्याचे नाव निराळे येते. पण तिथी दोन्हीकडे एकच, आणि समुद्राला कारण तिथीशी. घरात हिजरी तारीख पाहण्याची रीत असेल, तर महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो हे ध्यानात घेऊन तारखेत साधारण एक मिळवावा, व १५ च्या पुढे पुन्हा एकापासून मोजावे. हा हिशेब मुंबईकडच्या किनाऱ्याला चांगला जुळतो. दक्षिण कोकणात भरती थोडी आधी येते, तर खाडीत आत जावे तशी उशिरा. म्हणून छापील वेळापत्रक पाहावे आणि गावच्या माणसाला विचारूनच निघावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. भरतीचे पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन व सहाव्यात एक भाग चढतो. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी येते. मुंबईस मोठ्या उधाणात हा चढ ४ मीटरांहून अधिक असतो. त्याचा निम्मा भाग पुरुषभर उंचीपेक्षा जास्त झाला. शिवाय खाडीचा तळ दिसतो तसा सपाट नसतो. मध्ये ओहळांच्या खोल चरी असतात, आणि पाणी प्रथम त्या चरींतून, आपल्या पाठीमागून शिरते. माणूस समोर गळाकडे पाहत उभा असतो, आणि किनाऱ्याकडची वाट केव्हाच बुडालेली असते. मुंबईस हाजी अलीच्या दर्ग्याची वाट भरतीत पाण्याखाली जाते. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीत पायी गाठता येतो व भरतीत चोहोबाजूंनी वेढला जातो. ज्यांनी हे पाहिले आहे, त्यांना अधिक सांगणे नको.

आता मासा कोठे मिळतो ते पाहू. उदाहरणास रत्नागिरीजवळचे भाट्ये घ्या. तेथे काजळी नदी समुद्राला मिळते. अशा मुखाजवळ ओहोटीत वाळू व चिखल उघडे पडतात. त्यात किडे, लहान खेकडे, कोळंबी असते. भरती सुरू झाली की मासे ते खाण्यासाठी उथळावर चढतात. ओहोटी लागली की ओहळांच्या तोंडातून खोल पाण्यात परततात, आणि मोठे मासे तेथे टपून असतात. म्हणून भरतीच्या आरंभी उथळाच्या कडेला, व ओहोटी लागल्यावर ओहळाच्या तोंडाशी उभे राहावे. मुडदुशी वाळूच्या तळाशी मिळते, काळुंदर व तांबोशी दगडांच्या व खारफुटीच्या मुळांच्या आसऱ्याने. बोयरी थव्याने फिरतात, पाण्यावर बारीक थरथर उठवतात. पण त्या गळाला क्वचितच लागतात, त्यांना पागच हवा.

पाग म्हणजे कडेला शिशाचे मणी ओवलेले गोल जाळे. फेकल्यावर ते ताटासारखे उघडून पडले पाहिजे. हे एका सुटीत साधणारे काम नव्हे. गळाला कोकणात गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणे. नवशिक्याला बारीक दोरी, लहान गरी, थोडे वजन आणि ताज्या कोळंबीचा तुकडा एवढे पुरे. उथळात मासा भित्रा असतो. पाणी खळखळवू नये. सूर्य पाठीशी असला तर तळ दिसतो, पण आपली सावली माशावर पडू देऊ नये. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा उपयोगी पडतो.

पाय उचलून टाकू नये. तळाशी घासत न्यावा. वाळूत पाकट दडून असते. पाय घासत आला तर ती निघून जाते, वर पडला तर शेपटीचा काटा मारते. शेंगटीच्या पाठीवर व दोन्ही बाजूंच्या परांत विषारी काटे असतात. ती उघड्या हाताने सोडवू नये. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-एक तास ठेवावा व डॉक्टरकडे जावे. कालवांच्या शिंपा सुरीसारख्या कापतात, म्हणून बूट घालावेत. चिखलात पोटरी रुतू लागली की पुढे न जाता आल्या वाटेने परतावे.

ही खाडी कोळी, भोई, गाबीत, खारवी, दालदी अशा समाजांची रोजची भाकर आहे. त्यांच्या जाळ्यांना हात लावू नये, बोटभर पिल्ले परत सोडावीत, खारफुटीची फांदी मोडू नये. माशांची पिल्ले त्या मुळांतच वाढतात. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१८ साली राज्यभर खारफुटीच्या तोडीस मनाई केली.

शेवटी एकच नियम घरातील प्रत्येकाने पाठ करावा. ओहोटीत उतरलेल्या माणसाने पाणी परत फिरताच किनाऱ्याकडच्या बाजूस यावे, आणि भरतीचा दुसरा तास संपण्याच्या आत कोरड्या जमिनीवर असावे. मुलांना एकटे सोडू नये. पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नये. मासा उद्याच्या भरतीला पुन्हा येणारच आहे. घाई आपण करण्याचे कारण नाही.