न बोललेले बोलण्याचा मंच : सायकोड्रामा

पथनाट्य आपल्या चळवळीला नवे नाही. वस्तीत, चौकात आपल्यापैकी अनेकांनी त्यात कामही केले आहे. पण पथनाट्य लोकांना काही सांगण्यासाठी असते. सायकोड्रामात, म्हणजे मनोनाट्यात, माणूस स्वतःचेच ऐकण्यासाठी उभा राहतो. तिथे ना लिहिलेले संवाद असतात, ना टाळ्या.

मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो याने १९२० च्या दशकात व्हिएन्नात संहितेशिवाय नाटके करता करता ही पद्धत घडवली. त्याच्याकडे बार्बरा नावाची नटी सालस नायिका रंगवायची. पण घरी ती शिवीगाळ करते, अंगावर धावून येते, अशी तिच्या नवऱ्याची तक्रार होती. मोरेनोने तिला रस्त्यावरच्या भांडखोर बाईची भूमिका दिली. मंचावर राग निघू लागला, तसा घरातला ओसरला. हे खुद्द मोरेनोनेच लिहिलेले आहे, तेव्हा थोडे सांभाळूनच घ्यावे! पुढे अमेरिकेत, १९३६ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे त्याने रुग्णालय उघडले आणि तिथे खास मंच उभारला.

प्रत्यक्षात काय होते? आधी अंग-मन मोकळे करणारे खेळ होतात. मग गटातला एक जण आपला प्रसंग निवडतो आणि बाकीचे त्यातली पात्रे होतात. समजा, मुलाखतीत एका तरुणाला आडनाव दोनदा विचारले गेले आणि पुढचे शब्द त्याच्या घशातच अडकले. तो प्रसंग पुन्हा उभा राहतो. त्याच्या मागे उभा असलेला साथीदार, त्याला वाटले पण बोलता आले नाही, ते बोलतो. चुकले तर तरुण ‘नाही, असे नव्हते’ म्हणतो, आणि बरेचदा तिथूनच त्याचे स्वतःचे बोलणे सुरू होते. कधी समोर रिकामी खुर्ची ठेवतात. वारलेल्या बापाशी राहून गेलेले बोलणे तिथे होते. शेवटी गट बसतो. सल्ला द्यायचा नाही, फक्त आपल्याला काय आठवले ते सांगायचे. सल्ले देण्याची आपली सवय पाहता हाच भाग सर्वांत अवघड!

भूमिकांची अदलाबदल हे या पद्धतीचे मोठे साधन आहे. आईशी भांडलेली मुलगी आईच्या खुर्चीत बसली की तिला वेगळे दिसू लागते. पण अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला घाईने अत्याचाऱ्याच्या खुर्चीत बसवणे म्हणजे जखमेवर दुसरी जखम. म्हणून कार्यकर्त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे : मुलाखतीचा किंवा सरकारी कचेरीत अर्ज मांडण्याचा सराव शिबिरात जरूर घ्या, पण कोणाचे जुने दुःख गर्दीसमोर उकरू नका. ते काम प्रशिक्षित व्यक्तीचे, बंद खोलीतले, गुप्ततेचे आहे. ज्यांना भास होतात किंवा जीव देण्याचे विचार येतात, त्यांना आधी डॉक्टरकडे न्यावे. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.