वाळवंटातील वसंत

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कच्छचे रण किंवा जैसलमेरची वाळू उभी राहते. तेथे फुलांचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसच्या उत्तरेस शंभरेक किलोमीटरवर, मोहावी वाळवंटाच्या पश्चिम टोकाला अँटिलोप व्हॅली नावाचा प्रदेश आहे. तेथील टेकड्या वर्षातील बहुतेक काळ तपकिरी असतात आणि पाऊस मनासारखा झाला तर मार्च-एप्रिलमध्ये काही आठवडे केशरी होतात. हा केशरी रंग कॅलिफोर्निया पॉपी या फुलाचा. १९०३ पासून ते त्या राज्याचे अधिकृत फूल आहे. त्याच्या रक्षणासाठी १९७६ पासून तेथे सुमारे सातशे हेक्टरांचे राखीव क्षेत्र आहे.

एप्रिल २०२३ मध्ये कन्येकडे गेलो असता ते पाहण्याचा योग आला. आदल्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियात भरपूर पाऊस झाला होता. सकाळी गारठ्यात फुले मिटलेली होती. ऊन चढले तशी ती उघडली आणि दुपारी वारा सुटताच पुन्हा मिटू लागली. मधूनमधून पिवळी गोल्डफील्ड्स आणि जांभळे लुपिन होते. विशेष म्हणजे येथे कोणी बी पेरीत नाही आणि पाणीही घालीत नाही.

मग हे सारे येते कोठून? या भागात वर्षाला सरासरी दोनशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या वडोदऱ्यात त्याच्या चौपट. उत्तर मातीत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास वाळवंटातील वर्षायू वनस्पतींचा अभ्यास केला. त्यांपैकी अनेकांच्या बीजकवचात अंकुरण रोखणारी द्रव्ये असतात. हलक्या सरीने ती धुतली जात नाहीत. बारा-तेरा मिलीमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच ती वाहून जातात आणि बी जागे होते. माती नुसती खालून ओली करून भागत नाही, पाणी वरूनच झिरपावे लागते. म्हणजे ही द्रव्ये बियांचे पर्जन्यमापकच होत. शिवाय तापमानाचीही अट असते. वसंतात फुलणाऱ्या वनस्पतींच्या बिया थंडीच्या दिवसांतील पावसाने रुजतात. उन्हाळी सरींना त्या दाद देत नाहीत.

एवढे होऊनही सर्व बिया एकाच वर्षी उगवत नाहीत. सगळ्या उगवल्या आणि पुढे पाऊस रुसला, तर वंशच संपेल. म्हणून काही बिया वर्षानुवर्षे मातीत थांबून राहतात. हे थांबणे का किफायतशीर ठरते, ते डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये गणिताने मांडले. एकाच शेंगेतील बिया निरनिराळ्या वर्षी उगवतात, हे वाचताना मला वाढीचे तक्ते आठवले. प्रत्येक मुलाने ठरल्या तारखेलाच पाऊल टाकावे, हा आग्रह पालकांचा असतो, निसर्गाचा नसतो.

आपल्या व्यवसायाशी या फुलाचे नाते नावापासूनच आहे. १८१६ मध्ये ‘रुरिक’ हे रशियन जहाज सॅन फ्रान्सिस्कोला लागले. त्यावर अडेलबर्ट फॉन चमिसो हे निसर्गाभ्यासक आणि योहान एशशोल्ट्स हे जहाजाचे डॉक्टर होते. चमिसोंनी १८२० मध्ये या फुलाला आपल्या डॉक्टर मित्राचे नाव दिले. पुढे एशशोल्ट्स यांनी लुपिनच्या एका जातीला चमिसोंचे नाव देऊन ती फेड केली. हे फूल आपल्या खसखशीच्याच कुळातले असले, तरी त्यात मॉर्फिन नसते.

डॉक्टरांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट याच मातीत आहे. कॉक्सिडिऑइडिस ही बुरशी तेथे वास करते. ओल्या हिवाळ्यात ती वाढते, माती वाळली की तिचे बीजाणू धुळीबरोबर उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जातात. यालाच ‘व्हॅली फीवर’ म्हणतात. निम्म्याहून अधिक जणांना काहीच त्रास होत नाही. इतरांना एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, थकवा, सांधेदुखी आणि कधी पायांवर लाल दुखऱ्या गाठी अशी लक्षणे दिसतात. बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात. मात्र गर्भवती, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती घटलेल्या व्यक्तींमध्ये आजार गंभीर होऊ शकतो. तो एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही.

आज आपल्या समाजातील अनेक आजी-आजोबा कॅलिफोर्नियात जाऊन येतात. परतल्यावर न हटणारा खोकला आणि एक्स-रेवर छाया दिसली की आपला पहिला संशय क्षयावर जातो आणि ते योग्यही आहे. पण क्षयाचे जंतू सापडत नसतील, रक्तात इओसिनोफिल वाढलेले असतील, तर प्रवासाचा प्रश्न अवश्य विचारावा. स्टेरॉइड देण्यापूर्वी तर विचारावाच. आणि नमुना कल्चरसाठी पाठविताना प्रयोगशाळेला आपला संशय आधी कळवावा, कारण या बुरशीचे कल्चर हाताळणाऱ्याला धोका असतो.

म्हणून तेथे जाऊ नये असे मुळीच नाही. ओल्या मातीत, आखलेल्या वाटेवरून फिरणाऱ्या पर्यटकाला धोका अल्प असतो. वाऱ्याचा, धुळीचा दिवस मात्र टाळावा. वाट सोडू नये. याला तेथील विषारी रॅटलस्नेक साप हे एक कारण आहेच, पण खरे कारण फुले हे आहे. २०१९ मध्ये लेक एल्सिनोर गावाजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये छायाचित्रांसाठी एवढी गर्दी लोटली की २०२३ च्या बहरात तेथील प्रशासनाने तो परिसर बंदच ठेवला. कास पठार पाहिलेल्यांना ही व्यथा नवी नाही. वाळवंटात तर ती अधिक गंभीर आहे. तुडवलेले रोप बी धरीत नाही आणि पुढच्या कोरड्या वर्षांसाठी मातीत पडणारी ठेव तेवढी कमी होते. ओला हिवाळा पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही. तो येईल तेव्हा मातीत बी असले पाहिजे.