रझांच्या चित्रांतील निसर्ग कोठे गेला?

सय्यद हैदर रझा हे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर येतो तो काळाभोर बिंदू आणि त्याभोवती रचलेले लाल, पिवळे, निळे त्रिकोण व पट्टे. कलादालनात या चित्रांपुढे उभे राहून 'एवढे तर कंपासने आम्हीही काढू' असे म्हणणारे प्रेक्षक हमखास भेटतात. हे रझा मुळात निसर्गचित्रकार होते, आणि तेही भर पावसातल्या मुंबईचे, हे सांगितले तर त्यांना चटकन पटत नाही. फोर्ट परिसरातील ओले रस्ते, छत्र्यांची गर्दी, धुरकट आकाशाखालील इमारती हे चाळीसच्या दशकातील त्यांच्या जलरंगांचे विषय होते. तेथून बिंदूपर्यंत यायला त्यांना सुमारे पस्तीस वर्षे लागली.

रझांचा जन्म १९२२ सालचा, सध्याच्या मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील वनखात्यात नोकरीला. त्यामुळे बालपण नर्मदेच्या परिसरातील दाट जंगलात गेले. पुढे नागपूरच्या कलाशाळेत आणि नंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी आपल्याकडे ब्रिटिश वळणाच्या जलरंगांचा मोठा दबदबा होता. पारदर्शक रंगांचे हलके थर, कागदाच्या पांढऱ्या रंगातून साधलेला प्रकाश आणि एखाद्या क्षणाची अचूक पकडलेली हवा ही या शैलीची बलस्थाने. रझा त्यात वाकबगार झाले. १९४८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदकही त्यांना मिळाले. सूझा, हुसेन, आरा, बाकरे आणि रझांप्रमाणेच निसर्गचित्रांकडे ओढा असलेले हरी अंबादास गाडे यांच्यासोबत ते १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते. याच वाटेने चालत राहिले असते तर एक लोकप्रिय निसर्गचित्रकार म्हणून त्यांचे आयुष्य सुखेनैव गेले असते.

वळण आले ते काश्मिरात. १९४८ मध्ये रझा तेथे चित्रे काढत असताना ख्यातनाम फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांची भेट झाली. चित्रांत गुण आहेत, पण बांधणी नाही. सेझानचा अभ्यास करा, असा त्यांचा सल्ला होता. या सल्ल्याचे मोल समजून घेणे आवश्यक आहे. जलरंगातील निसर्गचित्र बरेचसे प्रकाशावर तोललेले असते. ढग सरकला की चित्र बदलते. पॉल सेझान या चित्रकाराला मात्र डोंगरावर पडलेल्या उन्हापेक्षा डोंगराच्या घडणीची ओढ होती. रंगाचे लहान लहान प्रतल एकमेकांना भिडवून तो चित्र एखाद्या इमारतीसारखे उभारीत असे. निसर्ग जसा दिसतो तसा उतरवणे आणि चित्र म्हणून तो नव्याने रचणे, या दोन गोष्टींतील अंतर रझांना येथे प्रथम जाणवले असावे.

फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९५० मध्ये ते पॅरिसला गेले. त्यानंतरची पहिली काही वर्षे या साऱ्या प्रवासात सर्वांत उत्कंठावर्धक वाटतात. चित्रात घरे आहेत, पण ती ठोकळ्यांसारखी एकावर एक रचलेली. रस्त्यांवर माणूस नाही. काही चित्रांत तर सूर्यही काळा. दक्षिण फ्रान्समधील कान्य या टेकडीवरच्या गावावरून १९५१ मध्ये केलेले 'ओ द कान्य' हे त्यातलेच. गाव खरे, पण ते पाहण्याची पद्धत पूर्णतः मनातली. मग तैलरंग आले, रंगलेपणीने दिलेले जाड थर आले. घरांच्या कडा विरघळू लागल्या, चर्चचा मनोरा केवळ एक उभा फटकारा होऊन राहिला. १९५६ मध्ये त्यांना फ्रान्समधील 'प्री द ला क्रितीक' हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले बिगरफ्रेंच चित्रकार.

१९६२ मध्ये अमेरिकेत बर्कली येथे अध्यापनासाठी गेले असता मार्क रॉथको यांची चित्रे त्यांच्या पाहण्यात आली. रंग वस्तूवर चढवायचा नसून रंग हीच चित्राची वस्तू होऊ शकते, हा दिलासा तेथून मिळाला. सत्तरच्या दशकातील 'ला तेर', म्हणजे भूमी, या चित्रांत क्षितिज नाही, झाड नाही. आहे तो काळोख आणि त्यात धगधगणारे रंग. ते मंडल्याच्या जंगलातील रात्रीचे चित्र आहे, हे चरित्र ठाऊक नसले तरी अंगावर येते. पुन्हा पुन्हा होणाऱ्या भारतभेटींतून राजस्थानी लघुचित्रांचे चौकटीत बांधलेले अवकाश आणि तापलेले लाल-केशरी त्यांच्या फलकावर आले.

बिंदूचे मूळही शाळेतलेच. मन चंचल असलेल्या लहानग्या रझाला शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले होते. ऐंशीच्या दशकात तो ठिपका बीज झाला, सूर्य झाला. १९८३ च्या 'सौराष्ट्र' या भव्य चित्रात तो कप्प्याकप्प्यांच्या रचनेत भूप्रदेशाच्या आठवणींसोबत नांदतो. त्यांचे समकालीन वासुदेव गायतोंडे यांनी आपल्या चित्राला कोणत्याही वस्तूचा संदर्भ चिकटू दिला नाही. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना नकोसा वाटे. रझा मात्र शीर्षकांतून सतत सूर्य, अंकुरण, प्रकृती यांचीच नावे घेत राहिले. म्हणूनच त्यांना निखळ अमूर्त चित्रकार म्हणणे धाडसाचे ठरते.

उत्तरायुष्यात बिंदूची पुनरावृत्ती झाली, हा आक्षेप मात्र खोडता येत नाही. नव्वदनंतरच्या अनेक चित्रांत शोध कमी आणि सफाई अधिक आहे. लिलावांतील आकड्यांनी या सफाईलाच प्रतिष्ठा दिली. १९८९ सालचे 'जेस्टेशन' २०२३ मध्ये मुंबईत ५१.७५ कोटी रुपयांना विकले गेले, तेव्हा चर्चा रकमेची झाली. त्याच वर्षी पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात भरलेल्या त्यांच्या मोठ्या प्रदर्शनाची आपल्याकडे तुलनेने फारशी दखल घेतली गेली नाही. ज्यांना रझा खरोखर पाहायचे आहेत, त्यांनी १९५० ते १९८३ या काळातील चित्रे लागोपाठ पाहावीत. बिंदूकडे त्यानंतर वळावे.