चीनची भूक आणि लातूरचा मोंढा

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपला कास्तकार सोयाबीनची रास करून माल लातूरच्या मोंढ्यांत नेतो, आणि भाव ऐकून कधीं हर्ष तर कधीं विषाद पावतो. भाव कां उतरला असें आडत्यास विचारिलें, तर ‘वरूनच बाजार मंद आहे’ एवढेंच उत्तर मिळतें. हें ‘वर’ म्हणजे काय, ह्याचा विचार करणें अगत्याचें आहे.

ज्या राष्ट्राचा उद्योगधंदा झपाट्यानें वाढतो, त्याची भूक साऱ्या जगाच्या शेतीस जाणवते. कापसाच्या बाबतींत आपल्या देशानें हा अनुभव पूर्वींच घेतला असून, नांदेडसारख्या कापसाच्या पेठेनें तो विसरूं नये. 1930 च्या सुमारास जपान हें आंखूड धाग्याच्या हिंदी कापसाचें फार मोठें गिऱ्हाईक होतें. 1933 सालीं सरकारनें जपानी कापडावरील जकात शेंकडा 75 पर्यंत वाढवितांच जपानी गिरणीवाल्यांनीं आपला कापूस घेण्याचें बंद केलें. पुढें 1934 त करार झाला: जपाननें 10 लक्ष गांठी कापूस घ्यावा आणि 32 कोटी 50 लक्ष वार कापड येथें विकावें. तंटा कापडाचा होता. झळ मात्र कापूस पिकविणाऱ्यास लागली.

आज तें स्थान चीनचें आहे. चीन दरवर्षीं सुमारें 10 कोटी टन सोयाबीन बाहेरून घेतो; जगांतील ह्या मालाच्या व्यापाराचा तो निम्म्याहून अधिक भाग होय. तेथील लोकांची मिळकत वाढली, त्याबरोबर मांसाहार वाढला, आणि डुकरें व कोंबड्या पोसण्यास पेंड हवीशी झाली. 2018 त चीननें अमेरिकन सोयाबीनवर शेंकडा 25 जकात बसविली. त्यासरशी अमेरिकेंत भाव कोसळला आणि ब्राझीलच्या मालास चढा भाव मिळाला.

कोणी म्हणेल, आपलें सोयाबीन चीनला जातें कोठें? थेट फारसें जात नाहीं, हें खरें. परंतु 100 किलो दाण्यांतून सुमारें 18 किलो तेल व 80 किलोंच्या आसपास पेंड निघते. खाद्य तेल आपण निम्म्याहून अधिक परदेशांतून आणतों. तें स्वस्त झालें कीं आपलें तेल पडतें. पेंड बाहेर धाडावी, तर ब्राझील-अर्जेंटिनाच्या पेंडीशीं गांठ पडते. अशा दोन दोऱ्यांनीं लातूरचा भाव जगाच्या बाजारास बांधलेला आहे.

2021 च्या ऑगस्टांत सोयाबीन क्विंटलास 10,000 रुपयांच्या घरांत गेलें. चीनची वाढती खरेदी हें त्याचें एक कारण होतें. त्याच महिन्यांत सरकारनें 12 लक्ष टन पेंड आयात करण्यास मोकळीक दिली, आणि नवी रास मोंढ्यांत येईपर्यंत भाव बराच खालीं आला. 2024 च्या हंगामांत तर हमीभाव 4,892 रुपये असतां मोंढ्यांत त्याहूनही कमी मिळाले. सरकारी खरेदीस शेंकडा 12 ओलाव्याची अट आडवी आली, ती पुढें 15 पर्यंत सैल करावी लागली.

चीनची भूक आपल्या हातीं नाहीं; थांबण्याची शक्ति मात्र कमावतां येते. ज्याच्या डोक्यावर देणें आहे, त्यास राशीच्या आठवड्यांतच माल विकावा लागतो. म्हणून माल नीट वाळवावा, गोदामांत ठेवून पावतीवर कर्ज काढावें, सारा माल एकदम न विकतां टप्प्याटप्प्यानें विकावा, आणि सोयाबीनबरोबर तुरीचें आंतरपीक सोडूं नये. एकट्या कास्तकारास हें जड जाईल. गांवोगांवच्या सोसायट्यांनीं गोदाम व चाळणीयंत्र यांची सोय केली, तर मोंढ्यांतला भाव ऐकून गाडी माघारी फिरविण्याचें धैर्य त्यास येईल.